दोन कारभाऱ्यांचा वॉर्ड

बोर्नव्हिलमधल्या जुन्या घराचा पुढचा दरवाजा बदलायचा असेल, लाकडी खिडकी काढून प्लास्टिकची बसवायची असेल किंवा बागेतलं मोठं झाड तोडायचं असेल, तर घरमालकाला आधी बोर्नव्हिल व्हिलेज ट्रस्टकडे अर्ज करावा लागतो. घर स्वतःच्या नावावर असलं तरीही. कचऱ्याची गाडी आली नाही किंवा दारासमोर खड्डा पडला, तर मात्र बर्मिंगहॅमच्या महानगरपालिकेकडे जायचं. काही कामांना दोघांचीही परवानगी लागते. एकाच वस्तीला असे दोन कारभारी आहेत. त्यांतला एक मतपेटीतून येतो, दुसरा येत नाही.

बर्मिंगहॅमच्या मध्यापासून दक्षिणेला साधारण चार मैलांवर हा वॉर्ड आहे. २०१८ मध्ये शहराच्या प्रभागांची फेररचना झाली आणि शेजारच्या कॉटरिजला जोडून ‘बोर्नव्हिल आणि कॉटरिज’ असं त्याचं नाव पडलं. त्या रचनेत शहराचे ६९ वॉर्ड झाले आणि १०१ नगरसेवक. ३७ वॉर्डांना एकेक आणि ३२ वॉर्डांना दोन-दोन. हा वॉर्ड दोनवाल्यांपैकी. अकरा लाखांहून जास्त वस्तीच्या शहरात हा एक छोटा तुकडा, पण त्याचं नाव आपल्या स्वयंपाकघरात पोचलेलं आहे. दुधात घालायचं बोर्नव्हिटा याच गावावरून आलं. कुठल्याही चॉकलेटला ‘कॅडबरी’ म्हणणाऱ्या मराठी मुलांच्या किती पिढ्या झाल्या! ठाण्यात तर कारखान्यावरून ‘कॅडबरी जंक्शन’ हे चौकाचं नाव होऊन बसलं. त्या शब्दाचं मूळ घर म्हणजे हा वॉर्ड.

१८७८ मध्ये रिचर्ड आणि जॉर्ज कॅडबरी या भावांनी इथे साडेचौदा एकर जमीन घेतली. वडिलांचा धंदा शहराच्या गर्दीत होता. इथे मोकळी कुरणं होती, एका अंगाला कालवा, शेजारी रेल्वे, आणि बोर्न नावाचा ओढा. ओढ्याच्या नावाला त्यांनी ‘व्हिल’ हे फ्रेंच शेपूट जोडलं, कारण त्या काळी उत्तम चॉकलेट म्हणजे फ्रेंच अशी गिऱ्हाइकांची समजूत होती. १८७९ मध्ये कारखाना सुरू झाला. आज बोर्नव्हिलचं रेल्वे स्टेशनही कॅडबरीच्या जांभळ्या रंगात रंगवलेलं आहे.

कारखान्यापेक्षा मला त्याभोवतीच्या घरांची गोष्ट मोठी वाटते. कॅडबरी कुटुंब क्वेकर पंथाचं. जॉर्ज कॅडबरी अनेक दशकं दर रविवारी शहरात प्रौढांच्या शाळेत कामगारांना लिहायला-वाचायला शिकवत. त्या निमित्ताने त्यांनी अंधाऱ्या, दाटीवाटीच्या चाळींमधलं जगणं जवळून पाहिलं. अशा घरात राहणाऱ्या माणसाला नुसता उपदेश करून काही होणार नाही, त्याला उजेड आणि जमीन दिली पाहिजे, हे त्यांचं मत तिथे घडलं. १८९३ मध्ये त्यांनी आणखी १२० एकर जमीन स्वतःच्या पैशाने घेतली आणि १८९५ पासून घरं बांधायला सुरुवात केली. काम दिलं विल्यम अलेक्झांडर हार्वे या विशीतल्या वास्तुशिल्पकाराला. घराने आपल्या भूखंडाचा साधारण चौथाच हिस्सा व्यापायचा, उरलेली बाग. बागेत भाजीपाल्याची जागा आणि फळझाडं आधीच लावून मग घर ताब्यात द्यायचं. हा तपशील मला फार आवडतो. माणूस राहायला येण्याआधी त्याचं सफरचंदाचं झाड तिथे उभं असायचं.

पहिली घरं ९९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने विकली होती. लवकरच काहींनी ती नफ्याने पुढे विकली. स्वस्त घराचा सट्टा होतो हे दिसताच जॉर्ज कॅडबरींनी १९०० मध्ये सगळी मालमत्ता, म्हणजे ३३० एकर जमीन आणि तीनशेवर घरं, एका विश्वस्त संस्थेच्या हवाली केली. तोच हा ट्रस्ट. घरं फक्त कॅडबरीच्या कामगारांसाठी नव्हती. सुरुवातीच्या वर्षांत निम्म्याहून कमी कुटुंबप्रमुख कारखान्यात होते. मालकाने नोकरांसाठी बांधलेल्या वसाहती इंग्लंडमध्ये इतरत्रही होत्या. जमिनीवरचा हक्क सोडून देणारा मालक मात्र विरळा. आज या ट्रस्टकडे सुमारे आठ हजार घरांची व्यवस्था आहे, त्यांतली काही दूर टेलफर्ड शहरात.

गावाच्या मधोमध हिरवळ, तिच्यावर १९१४ ची अष्टकोनी विश्रांतिका. जॉर्ज आणि एलिझाबेथ कॅडबरी यांच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसानिमित्त कर्मचाऱ्यांनी वर्गणी काढून ती बांधली. समोरच्या प्राथमिक शाळेच्या मनोऱ्यात ४८ घंटांचं कॅरिलॉन आहे. पट्ट्यांवर मुठी आपटून वाजवायचं हे वाद्य जॉर्ज कॅडबरींनी बेल्जियममधल्या ब्रुज शहरात ऐकलं आणि १९०६ मध्ये इथे आणलं.

हे चित्र इतकं गोड आहे की त्याची दुसरी बाजू सांगितलीच पाहिजे. या बागा फुलत होत्या त्याच काळात कॅडबरीचा बराचसा कोको पोर्तुगीजांच्या साओ टोमे बेटावरून येत होता, आणि तिथल्या मळ्यांत अंगोलातून आणलेली माणसं गुलामासारखी राबत होती. कंपनीला हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच कळलं होतं, खरेदी थांबली ती १९०९ मध्ये. एका वृत्तपत्राने दुटप्पीपणाचा आरोप केला तेव्हा कंपनीने बदनामीचा खटला भरला. ज्यूरीने निकाल कंपनीच्या बाजूने दिला, पण नुकसानभरपाई ठरवली एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी. बोर्नव्हिलच्या सफरचंदांबरोबर ती पाव पेनीही लक्षात ठेवायला हवी.

१९११ मध्ये शहराच्या हद्दी वाढल्या आणि बोर्नव्हिल बर्मिंगहॅममध्ये आलं. तेव्हापासून दोन कारभारी. त्यांचे हुकूम कधीकधी एकमेकांना छेद देतात. क्वेकर लोक दारूच्या विरोधात, म्हणून ट्रस्टच्या गावात पब नाही. शंभर वर्षांहून जास्त काळ हे चाललं. २०१५ मध्ये मात्र मेरी व्हेल रोडवरच्या एका छोट्या दुकानाला दारूविक्रीचा परवाना मिळाला, कारण परवाना देणं हे महानगरपालिकेचं काम. काही रहिवासी दुखावले. वरवर पाहता वाद बाटल्यांचा, खरा प्रश्न होता तो वस्तीचा स्वभाव कोणी ठरवायचा, हा. १९६७ च्या कायद्याने भाडेपट्टेदारांना घराची जमीन विकत घेण्याचा हक्क दिला तेव्हाही तोच प्रश्न आला होता. तेव्हा खास योजना करून घरांच्या बाह्यरूपावरचा ट्रस्टचा अधिकार राखला गेला. दरवाजाचा अर्ज आजही करावा लागतो तो त्यामुळे.

मला ट्रस्टच्या शिस्तीबद्दल आदर आहे. ती नसती तर ही कुंपणं आणि झाडं कधीच गेली असती. पण ट्रस्टचा निर्णय पटला नाही तर रहिवासी त्याला निवडणुकीत पाडू शकत नाही. नगरसेवकाला पाडू शकतो. अडचण अशी की ज्याला पाडता येतं त्याची तिजोरी रिकामी झाली. ५ सप्टेंबर २०२३ रोजी महानगरपालिकेने कलम ११४ ची नोटीस काढली, म्हणजे अत्यावश्यक सोडून नवा खर्च बंद. मोठं कारण होतं समान वेतनाचं. स्वयंपाक, सफाई, शुश्रूषा करणाऱ्या महिला कर्मचाऱ्यांना पुरुषांच्या कामांना मिळणारे बोनस वर्षानुवर्षे नाकारले गेले होते. ती थकबाकी आणि एका नव्या संगणक प्रणालीचा फसलेला खर्च एकदम अंगावर आला. केंद्र सरकारने वर आयुक्त बसवले, आणि एप्रिल २०२४ मध्ये घरपट्टीसारखा असलेला कौन्सिल टॅक्स सुमारे दहा टक्क्यांनी वाढला. मार्च २०२५ मध्ये सफाई कामगार बेमुदत संपावर गेले आणि शहरभर काळ्या पिशव्यांचे ढीग साचले. एका जुन्या अन्यायाची किंमत आधी बायकांनी दिली, मग सगळ्या वॉर्डांनी.

तिसरी सत्ता तर इंग्लंडबाहेरच आहे. २०१० मध्ये अमेरिकेच्या क्राफ्टने कॅडबरी सुमारे साडेअकरा अब्ज पौंडांना विकत घेतली. ब्रिस्टलजवळचा सॉमरडेलचा कारखाना चालू ठेवू असं सांगितलं आणि खरेदी होताच शब्द फिरवला. बोर्नव्हिलचा कारखाना राहिला. त्या व्यवहारात या वॉर्डाला मत नव्हतं, ना ट्रस्टमार्फत, ना नगरसेवकांमार्फत.

वॉर्डाचा दुसरा अर्धा, कॉटरिज, यातल्या कुठल्याच कथेत फारसा येत नाही. पर्शोर रोडवरची दुकानं, बसची वर्दळ, लाल विटांच्या सलग रांगांतली घरं. इथे कोणी दानशूर कारखानदार आला नाही, कुणी आधीच सफरचंद लावून ठेवलं नाही. पण इथली बाग सांभाळायला रहिवाशांनी स्वतःचं मंडळ काढलं. त्यांच्या उन्हाळी जत्रेचं नाव ‘कोकोमॅड’. कोकोशी त्याचा संबंध नाही. कॉटरिज, कम्युनिटी, म्युझिक, आर्ट्स, डान्स यांची ती आद्याक्षरं. तंबू ठोकायला आणि दुसऱ्या दिवशी गवतावरचा कचरा उचलायला तिथे शेजारीपाजारीच येतात.