झेब्र्यांच्या गळ्यातील टपाल

टेलिफोनवर बोलताना दोन माणसांमधला मार्ग सलग जोडलेला असावा लागतो. तो मध्येच तुटला की बोलणेही तुटते. पण असा सलग मार्ग मुळातच नसेल, तर निरोप पोहोचवायचा कसा? आफ्रिकेतील केनिया देशात हा प्रश्न झेब्र्यांमुळे पुढे आला.

झेब्रे दिवसरात्र कोठे कोठे हिंडतात, हे अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांना जाणून घ्यायचे होते. त्यांनी गळ्यात बांधायचा एक पट्टा तयार केला आणि 2004 सालच्या जानेवारीत तो काही झेब्र्यांना बांधला. दर 8 मिनिटांनी हा पट्टा उपग्रहांच्या साहाय्याने झेब्र्याची जागा टिपून ठेवी. टिपणे सोपे, टिपलेले हाती येणे कठीण! पट्ट्यातील बिनतारी यंत्राचा संदेश थोड्याच अंतरापर्यंत जाई. शिवाय एखाद्या झेब्र्याला सिंहाने मारले, तर सारी माहिती पट्ट्याबरोबर रानातच पडून राहणार.

तोडगा झेब्र्यांच्या स्वभावातच सापडला. मैदानी झेब्रे कुटुंबाने राहतात: एक नर, काही माद्या आणि त्यांची शिंगरे. अशी अनेक कुटुंबे एकत्र येऊन मोठा कळप होतो. दोन झेब्रे जवळ आले की त्यांचे पट्टे आपल्याजवळची माहिती एकमेकांना देत. देणारा पट्टा मात्र स्वतःची प्रत पुसत नसे. संशोधक गाडीतून रानात फिरत. एक झेब्रा टप्प्यात आला, तरी त्याच्या पट्ट्यातून इतर झेब्र्यांचीही माहिती मिळू शके. त्यांतले काही तर दृष्टीसही पडलेले नसत!

मग प्रत पुसायची केव्हा? माहिती संशोधकांच्या हाती पडली की तिची पोहोचपावती निघते. तीही अशीच एका पट्ट्याकडून दुसऱ्याकडे जाते. तोवर थांबायचे.

सर्वांनी सर्वांना सर्व काही देणे मात्र परवडत नाही, कारण त्यात बॅटरी फार खर्च होते. म्हणून संशोधकांनी आणखी एक युक्ती तपासली. संशोधकांच्या वाटेवर पूर्वी जो झेब्रा अधिक वेळा आला असेल, त्याच्याच पट्ट्याकडे माहिती सोपवायची. यात वीज वाचते. पण नेमका तोच झेब्रा या खेपेस दुसरीकडे वळला, तर निरोप रखडतो.

अंतराळातही मार्ग असाच तुटक असतो, कारण ग्रह फिरतात आणि याने त्यांच्याआड जातात. 2008 साली नासाने पृथ्वीपासून सुमारे 3 कोटी 20 लाख किलोमीटर दूर असलेल्या यानाशी छायाचित्रांची देवघेव करून हीच रीत पारखली. तेथेही पुढच्या ठाण्याशी संपर्क होईपर्यंत प्रत्येक ठाणे निरोप जपून ठेवते.