परळच्या वाऱ्या: गैरसमज आणि वस्तुस्थिती

विदर्भ एक्स्प्रेस सकाळी दादरला थांबते तेव्हा फलाटावरच्या गर्दीत दवाखान्यासाठी आलेली माणसं लगेच ओळखू येतात. आजारपणामुळे नव्हे, सामानामुळे. एकाच्या काखेत एक्स-रेचं भलंमोठं पाकीट, दुसऱ्याच्या खांद्यावर चादरीची वळकटी आणि डब्याची पिशवी, तिसऱ्याने छातीशी धरलेली प्लास्टिकची फाईल. टॅक्सीवाल्याला पत्ता सांगावा लागत नाही. ‘टाटा’ किंवा ‘केईएम’ म्हटलं की भागतं.

परळच्या या पट्ट्यात मोठी रुग्णालयं एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. केईएम १९२६ चं, वाडियांचं मुलांचं रुग्णालय १९२९ चं, टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ चं. दुखणं जुनाट आणि किचकट निघालं की गोंदियापासून सावंतवाडीपर्यंत घराघरांत परळचं नाव निघतं ते त्यामुळेच. पण रुग्णांबरोबर काही समजुतीही या वाटेने प्रवास करतात, आणि त्यातल्या काही रेल्वेच्या तिकिटापेक्षा बऱ्याच महागात पडतात.

गैरसमज: दवाखाना जितका लांब आणि मोठा, तितका गुण जास्त

लांबच्या तज्ज्ञाकडे जाण्यात अर्थ नक्की आहे, पण तो आजाराच्या काही टप्प्यांपुरता. निदान पक्कं करणं, उपचारांचा क्रम ठरवणं आणि अवघड शस्त्रक्रिया करणं ही ती कामं. स्वादुपिंडाच्या किंवा अन्ननलिकेच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रिया जिथे सतत होत असतात, तिथे रुग्ण दगावण्याचं प्रमाण कमी असतं, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसून आलं आहे. हे श्रेय एकट्या सर्जनच्या हाताचं नसतं. भूलतज्ज्ञ, अतिदक्षता विभागातल्या परिचारिका, मध्यरात्री गुंतागुंत ओळखणारा निवासी डॉक्टर अशी सगळी फळीच सरावलेली असते. दुर्मिळ आनुवंशिक आजारांचंही तसंच. २०२१ च्या राष्ट्रीय धोरणाखाली अशा रुग्णांना ५० लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते, पण ती नेमून दिलेल्या केंद्रांमार्फतच, आणि मुंबईत ते केंद्र केईएममध्ये आहे. इथे वारीला पर्याय नाही.

डायलिसिसचं गणित मात्र अगदी उलटं. आठवड्यातून बहुधा तीनदा, दर वेळी चारेक तास यंत्राला जोडून बसायचं. थॅलेसेमियाच्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. सिकलसेलच्या अनेक रुग्णांना हायड्रॉक्सीयुरियाची गोळी वर्षानुवर्षं रोज घ्यावी लागते आणि मधूनमधून रक्त तपासावं लागतं. या आजारांत दवाखाना किती नामांकित आहे, याइतकंच तो किती जवळ आहे हेही मोलाचं ठरतं. म्हणूनच २०१६ पासून राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयांत यंत्रं बसवली गेली, आणि जुलै २०२३ मध्ये सुरू झालेल्या सिकलसेल निर्मूलन मोहिमेचा भर आदिवासी भागात गावपातळीवर तपासणी करण्यावर आहे. विदर्भ आणि नंदुरबारच्या कितीतरी कुटुंबांचा हा घरचा प्रश्न आहे.

उपचारांसाठी लांब जाणं हे गरिबांच्याच वाट्याला येतं असंही नाही. सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या, त्या वेल्समधल्या एका शुश्रूषागृहात. परळचं टाटा स्मारक रुग्णालय उभं राहिलं ते दोराबजींच्या नावाच्या ट्रस्टने घातलेल्या पैशातून. पुढे टाटा स्मारक केंद्रच परळबाहेर पसरलं: खारघर, वाराणसी, संगरूर, विशाखापट्टणम, गुवाहाटी. पंजाबातल्या भटिंडा भागातून राजस्थानात बिकानेरला जाणाऱ्या एका पॅसेंजर गाडीला लोक कॅन्सर ट्रेन म्हणू लागले होते, इतके कर्करोगी तिच्यातून जात. पंजाबातच कर्करोगाची रुग्णालयं निघाल्यावर त्या गाडीतली ही गर्दी ओसरली.

गैरसमज: टाटात फाईल निघाली की प्रत्येक सलाईन तिथंच घ्यावं लागतं

किमोला बोलीत ‘सलाईन’ म्हणतात आणि रेडिएशनला ‘लाइट’. या दोन उपचारांचं वेळापत्रक वेगळं असतं आणि वारीचा सगळा हिशेब त्यावरच ठरतो.

लाइट बहुधा आठवड्यातले पाच दिवस असते. तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगात ती सहा-सात आठवडे चालते. दर दिवसाचं काम काही मिनिटांचं, पण यंत्र असेल तिथे मुक्काम ठोकावा लागतो. मात्र ते यंत्र फक्त मुंबईतच असतं असं नाही. नागपुरात तुकडोजी महाराजांच्या नावाचं प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आहे, जामठ्याला राष्ट्रीय कर्करोग संस्था आहे, छत्रपती संभाजीनगरला सरकारी कर्करोग रुग्णालय आहे. बार्शीसारख्या तालुक्याच्या गावी तर कर्करोगाचं रुग्णालयही आहे आणि देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणीही तिथलीच, १९८७ ची.

किमोची अनेक चक्रं दर २१ दिवसांनी येतात. रेल्वेने गोंदिया ते मुंबई साधारण ९६५ किलोमीटर. सहा चक्रांसाठी सहा वेळा जाऊन-येऊन साडेअकरा हजार किलोमीटर होतात, तेही उलट्या, अशक्तपणा आणि तोंड आलेलं असताना. यातली बरीच चक्रं त्याच आराखड्यानुसार नागपुरात किंवा जिल्हा रुग्णालयाच्या डे-केअर केंद्रात देता येतात. राज्यातल्या काही जिल्हा रुग्णालयांत २०१८ पासून अशी सोय सुरू झाली, त्यासाठी तिथल्या डॉक्टरांना आणि परिचारिकांना टाटात प्रशिक्षण मिळालं. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तर तीन वर्षांत देशातल्या सगळ्या जिल्हा रुग्णालयांत अशी केंद्रं काढण्याची घोषणा झाली.

देशातली कर्करोग रुग्णालयं एकमेकांना जोडणारं नॅशनल कॅन्सर ग्रिड २०१२ पासून चालू आहे आणि त्यात ३०० हून अधिक केंद्रं आहेत. उपचारांची समान मार्गदर्शक तत्त्वं ठरवणं हा त्याचा एक हेतू. तेव्हा ओपीडीत विचारायचा प्रश्न साधा आहे: ‘डॉक्टर, यातलं काय काय गावाजवळ करता येईल?’ हा प्रश्न विचारला म्हणून फाईल बंद होत नाही.

गैरसमज: ताप आला तर मुंबईलाच न्यायचं, इथल्या डॉक्टरांना आपली केस कळायची नाही

ही समजूत सगळ्यांत धोक्याची. किमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास रक्तातल्या पांढऱ्या पेशी सगळ्यांत खाली जातात. त्या काळात १०० ते १०१ अंश फॅरनहाइटच्या वर गेलेला ताप म्हणजे तातडीची अवस्था. शिरेतून प्रतिजैविकं शक्य तितक्या लवकर, शक्यतो तासाभरात सुरू व्हावी लागतात. रात्रभर गाडीत काढणं इथे जिवावर बेतू शकतं. जवळचं सरकारी किंवा खासगी रुग्णालय गाठायचं आणि दारातच सांगायचं की किमो चालू आहे, शेवटचं सलाईन अमुक तारखेला झालं. मुंबईच्या डॉक्टरांशी बोलणं नंतरही होतं, आणि बहुतेकदा ते फोनवर होतं.

गैरसमज: रिपोर्टचे कागद नेले की पुरे

कर्करोगाच्या रुग्णाकडून बायोप्सीच्या रिपोर्टबरोबर आणखी दोन वस्तू मागितल्या जातात: स्लाइड आणि ब्लॉक. शरीरातून काढलेला तुकडा लॅबमध्ये मेणात बसवतात, तोच ब्लॉक. आकाराने बोटाच्या पेराएवढा, प्लास्टिकच्या जाळीदार खाचेत बसवलेला, कोपऱ्यावर बारीक अक्षरात नंबर. त्याचा केसापेक्षा पातळ काप काचेवर ठेवून रंगवला की स्लाइड तयार. मोठ्या केंद्रातले पॅथॉलॉजिस्ट ही स्लाइड पुन्हा स्वतः वाचतात, लागलं तर ब्लॉकमधून नवे काप काढून वेगळ्या चाचण्या करतात. निदान इथे बदलू शकतं, आणि निदान बदललं की औषधही बदलतं. ब्लॉक गावच्या लॅबमध्ये राहिला, तर तो आणायला घरातल्या एकाला परत जावं लागतं किंवा पुन्हा बायोप्सी करावी लागते. ब्लॉक उन्हात किंवा गाडीच्या तापलेल्या डिकीत ठेवायचा नाही. मेणच ते, वितळतं.

सीटी आणि एमआरआयचंही तसंच. नुसती फिल्म नव्हे, सीडीही मागून घ्यावी, कारण तज्ज्ञ स्कॅन संगणकावर थर-थर उलगडून पाहतात.

‘आमच्या डॉक्टरांना राग येईल, कागद कसे मागू?’ हा संकोच गावोगावी आहे. पण वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांत स्पष्ट लिहिलं आहे की रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने नोंदी मागितल्या तर डॉक्टरांनी त्या ७२ तासांत द्यायच्या. तेव्हा कागद मागणं हा अविश्वास नव्हे, हक्क आहे.

गैरसमज: सरकारी योजना फक्त पिवळ्या आणि केशरी कार्डाला, आणि रेल्वेची सवलत तर बंदच झाली

राजीव गांधी जीवनदायी योजना जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढे राज्यभर गेली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं. २०२३ मध्ये ती राज्यातल्या सगळ्या रहिवाशांसाठी खुली करून कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांचं संरक्षण ठरवलं गेलं. म्हणजे पांढरं कार्डही बाद नाही. दोन गोष्टी मात्र आधी पाहाव्या लागतात: रुग्णालय योजनेत आहे का, आणि नेमका उपचार यादीत आहे का. दोन्हींची उत्तरं रुग्णालयातल्या ‘आरोग्यमित्रा’च्या टेबलावर मिळतात, त्यासाठी मध्यस्थाला पैसे मोजायचे नसतात. पदरचा खर्च होतो तो दाखल होण्याआधीच्या तपासण्यांचा, राहण्याचा आणि बुडालेल्या मजुरीचा.

धर्मादाय ट्रस्टच्या रुग्णालयांनाही एक बंधन आहे. उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेनुसार त्यांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. चकचकीत इमारत पाहून पाऊल दारातच अडखळतं, पण आत समाजसेवकाची खोली असते, आणि उत्पन्नाचा दाखला व शिधापत्रिका घेऊन आधी तिथेच जायचं असतं.

रेल्वेच्या सवलतींबद्दलचा घोळ मार्च २०२० पासूनचा. तेव्हा ज्येष्ठ नागरिकांसह बऱ्याच सवलती थांबवल्या गेल्या आणि ‘सगळंच बंद’ असा समज पसरला. प्रत्यक्षात रुग्णांच्या ११ गटांच्या, दिव्यांगांच्या आणि विद्यार्थ्यांच्या सवलती तेव्हाही चालू ठेवल्या होत्या. उपचारांसाठी किंवा तपासणीसाठी जाणाऱ्या कर्करोगी रुग्णाला स्लीपर आणि थ्री-टियर एसीत भाड्यात १०० टक्के सूट आहे, सोबत्याला ७५ टक्के. डायलिसिसला किंवा मूत्रपिंड प्रत्यारोपणाला जाणाऱ्यांना आणि थॅलेसेमियाच्या रुग्णांना याच वर्गांत ७५ टक्के, सिकलसेलच्या रुग्णांना ५० टक्के. त्यासाठी रुग्णालयाने सही-शिक्क्यानिशी दिलेला ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो, आणि तो ओपीडीतून निघण्याआधीच मागून घ्यावा लागतो. गावी पोचल्यावर आठवण झाली तर उशीर झालेला असतो. एसटीतही काही आजारांसाठी वेगळी सवलत आहे.

गैरसमज: राहायचं म्हणजे एक तर लॉज, नाही तर फुटपाथ

परळच्या फुटपाथवर प्लास्टिक बांधून राहणारी कुटुंबं हे मुंबईचं जुनं दृश्य आहे. तरी मधला मार्गही आहे. गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदीला जशा वारकऱ्यांसाठी धर्मशाळा बांधल्या, तशीच त्यांच्या नावाची धर्मशाळा दादरला आहे, आणि तिथे रुग्ण व नातेवाईक उतरतात. परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्ण सेवा सदन आहे. कर्करोग झालेल्या मुलांना आई-वडिलांसह राहता यावं म्हणून सेंट ज्यूड संस्थेने २००६ पासून केंद्रं काढली. तिथे प्रत्येक कुटुंबाला स्वतंत्र खोली असते, कारण किमो चालू असलेल्या मुलाला संसर्गापासून जपणं हा उपचारांचाच भाग आहे.

या जागा आयत्या वेळी मिळतीलच असं नाही. बहुतेक ठिकाणी रुग्णालयाचं पत्र किंवा फाईल दाखवावी लागते आणि ते पत्र समाजसेवा विभागातून मिळतं. स्टेशनवर ‘टाटाला जायचंय का, रूम करून देतो’ म्हणत पुढे येणाऱ्याच्या मागे जाण्याआधी या विभागाचा दरवाजा ठोठावलेला बरा.

संध्याकाळी दादरच्या त्याच फलाटावर परतीच्या गाडीची वाट बघत काहीजण बसलेले असतात. फाईल सकाळपेक्षा जाड झालेली असते. डिस्चार्ज कार्डावर आठ दिवसांनी सीबीसी करायला, ताप आला तर लगेच दाखवायला आणि पुढच्या तारखेला यायला सांगितलेलं असतं. एखाद्याने समोरच्या दुकानात जाऊन त्या कार्डाच्या दोन झेरॉक्स काढून आणलेल्या असतात: एक तालुक्याच्या डॉक्टरांना द्यायला, दुसरी घरच्या देव्हाऱ्याशेजारी खिळ्याला अडकवायला.