काजळीवर उमललेलं गाव

पोलंडमधलं तार्नूफ शहर मागे पडलं की रस्ता उत्तरेला, विस्तुला नदीच्या दिशेने वळतो आणि जमीन एकदम आडवी होते. डोंगर नाही, साधं टेकाडही नाही. जूनअखेरचा हिरवा गहू, बटाट्याचे वाफे, मधूनच विजेच्या खांबावर बगळ्यासारख्या पांढऱ्या करकोच्यांचं भलंमोठं घरटं. तीसेक किलोमीटर हेच पाहत गेल्यावर डावीकडे एक विहीर दिसते. तिच्या कठड्यावर लाल, निळी, पिवळी फुलं रंगवलेली असतात. झालिप्ये आलं हे त्या विहिरीवरूनच कळायचं.

गाव म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे वेस, पार, देऊळ आणि एकमेकांना खेटलेली घरं येतात. झालिप्येची मांडणी वेगळी आहे. प्रत्येक घर आपापल्या शेतात, शेजारी हाकेच्याही पलीकडे. जेमतेम सात-आठशे वस्तीचं हे गाव पायी पाहायचं तर अर्धा दिवस मोडतो. रंगवलेलं एक घर बघून पुढच्यापर्यंत जाताना मध्ये दहा-पंधरा मिनिटं नुसतं शेत असतं. मला ते आवडलं. एका भिंतीची फुलं डोळ्यांत मुरायला तेवढा वेळ लागतोच.

‘लिपा’ म्हणजे लिंडनचं झाड आणि ‘झा’ म्हणजे पलीकडे. लिंडनच्या झाडांपलीकडचं ते झालिप्ये. पोलिश लोकांनी जुलै महिन्यालाही याच झाडावरून ‘लिप्येत्स’ नाव दिलंय, कारण तेव्हा ते फुलतं. मी गेलो तेव्हा फुलोरा नुकता सुरू झाला होता. रस्त्याकडेच्या एका झाडाखाली थांबलो तर डोक्यावर मधमाश्यांचा एवढा आवाज, की सोबतच्या मुलाला मोठ्याने बोलावं लागत होतं. तो तार्नूफचा, कॉलेजात शिकणारा. त्याच्या इंग्रजीच्या आधारानेच माझ्या इथल्या गप्पा झाल्या.

इतिहास फार सांगत बसत नाही. पोलंडचे लचके तोडले गेले तेव्हा, 1772 मध्ये, हा मुलूख ऑस्ट्रियाच्या वाट्याला गेला आणि 1918 पर्यंत गॅलिशिया नावाच्या प्रांतात राहिला. पुढे उत्तरेला काही किलोमीटरवरची विस्तुला ही सरहद्द झाली, पलीकडे रशियाचा झार. गॅलिशियाची गरिबी युरोपभर ठाऊक होती. 1848 पर्यंत शेतकऱ्याला जमीनदाराच्या शेतावर वेठीला जावं लागे. त्याच्या दोनच वर्षं आधी, 1846 मध्ये, तार्नूफच्या आसपासच्या शेतकऱ्यांनी जमीनदारांचे वाडे लुटले आणि शेकडो माणसं मारली. वेठ सुटली तरी जमिनीचे तुकडे इतके लहान होते, की हजारो कुटुंबं अमेरिकेच्या बोटीत चढली. भिंतीवरची फुलं या दारिद्र्यातच उगवली, म्हणून एवढं सांगितलं.

तेव्हाची घरं लाकडाच्या ओंडक्यांची, वर गवताचं छप्पर. घराला धुराडं नसायचं. चुलीचा धूर घरभर फिरून दारातून किंवा छपराच्या फटींतून वाट काढायचा. हिवाळ्यात दार उघडं ठेवायची सोय नाही, म्हणजे भिंती, आढं, तुळया सगळं काळंकुट्ट. वर्षाच्या सणांआधी, विशेषतः उन्हाळ्याच्या तोंडावर येणाऱ्या कॉर्पस क्रिस्तीच्या सणाआधी, बायका घर झाडून काढत. काजळी खरवडून जात नाही हे प्रत्येकीला ठाऊक. मग त्या चुन्यात बुडवलेला कुंचला काळ्या भिंतीवर टेकवत आणि पांढरे ठिपके उमटवत. काळ्यावर पांढरे गोल, एकमेकांपासून सारख्या अंतरावर. झालिप्येच्या चित्रकलेची ही पहिली रेघ. ज्या घरात धूर हटवणं हातात नव्हतं, त्या घरातल्या बाईने धुरालाच कागद मानलं.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी धुराड्याच्या चुली आल्या. भिंती पांढऱ्या राहू लागल्या आणि ठिपक्यांची फुलं झाली. जवळ होतं ते रंगासाठी वापरलं: पांढऱ्याला चुना, काळ्याला काजळी, पिवळ्या-तांबड्याला माती. रंग धरून राहावा म्हणून दूध. कुंचला गाईच्या शेपटीच्या केसांचा. दुकानातल्या पुड्यांचे रंग आले तसा निळा आला, गुलाबी आला आणि फुलांचे गुच्छ मोठे होत गेले. आधी आतल्या भिंतींवर, मग चुलीवर, मग बाहेर, मग गोठा, कोंबड्यांचं खुराडं, कुत्र्याचं घर. चर्चही यातून सुटलेलं नाही. तिथे भिंतींवर फुलं आहेत आणि पाद्रीबाबांच्या वस्त्रांवरही गावातल्याच बायकांनी भरलेली फुलं आहेत.

हे सगळं ज्या एका बाईमुळे जगाला कळलं, तिच्या अंगणात मी सगळ्यांत जास्त वेळ काढला. फेलित्सिया त्सुरिवोवा. जन्म 1904, मृत्यू 1974. तिची लहानपणीची एक आठवण गावात सांगतात. आईवडील बाहेर गेले असताना पोरीने घरभर फुलं काढून ठेवली होती. खरीखोटी कशी का असेना, तिचं घर पाहिल्यावर ती पटते. कारण या घरात मोकळी जागा अशी नाहीच. छताच्या तुळयांवर वेली, चुलीच्या धुराड्यावर गुच्छ, भिंतीवरच्या देवांच्या तसबिरींभोवती माळा. पलंगावर भरतकामाच्या उशांची चळत, छताला गवताच्या काड्यांचा आणि कागदी फुलांचा टांगता गोल. त्याला ‘पायोंक’ म्हणतात, म्हणजे कोळी. वाऱ्याची झुळूक आली की तो हळूच फिरतो.

मी तिथल्या एका तुळईखाली बराच वेळ मान वर करून उभा होतो. फुलं एकसारखी वाटतात, पण नाहीत. एका पाकळीत कुंचला जोरात टेकलाय, दुसरीत सुटत गेलाय. छापा नाही, आधी आखलेली रेघ नाही. शिडीवर उभं राहून, हात वर धरून, रंग मनगटावर ओघळत असताना काढलेली ही फुलं. शेतीची, गुरांची, घरची कामं उरकून.

1948 मध्ये इथे रंगवलेल्या घरांची पहिली स्पर्धा झाली. महायुद्ध संपून तीन वर्षं झाली होती. जर्मनांच्या ताब्यात होरपळलेल्या गावांना पुन्हा घर रंगवावंसं वाटावं, हाही त्यामागचा हेतू होता असं सांगतात. 1965 पासून ‘मालोवाना हाता’, म्हणजे रंगवलेलं खोपटं, या नावाची ही स्पर्धा दरवर्षी होते, कॉर्पस क्रिस्तीनंतरच्या शनिवार-रविवारी. पानी फेलित्सिया (बाईमाणसाला इथे आदराने ‘पानी’ म्हणतात) नुसत्या स्पर्धेपुरत्या रंगवणाऱ्या नव्हत्या. त्यांनी इतर बायकांना हाताशी धरलं, चिनी मातीच्या भांड्यांसाठी नक्षी दिली, गावाबाहेरची कामं आणली. त्यांच्या मृत्यूनंतर, 1978 मध्ये, त्यांच्या घराचं संग्रहालय झालं. आज ते तार्नूफच्या संग्रहालयाची शाखा आहे.

त्या बाहेरच्या कामांपैकी एकाने मला थांबवलं. झालिप्येच्या बायकांची फुलं ‘बातोरी’ या पोलिश प्रवासी जहाजावरही पोचली होती. 1951 नंतर काही वर्षं हेच जहाज ग्दिनिया बंदरातून मुंबईला येत असे. नकाशावर सापडायला कठीण असलेल्या या शेतवस्तीचा आणि आपल्या बंदराचा एवढा तरी धागा आहे, हे कळल्यावर मी सोबतच्या मुलाला मुंबई कुठे आहे ते मोबाइलवर दाखवलं. त्यालाही तो धागा नवा होता.

‘दोम मालारेक’, म्हणजे चित्रकार बायकांचं घर, हे गावातलं समाजमंदिरच. 1970 च्या दशकात बांधलेलं. तिथे लांब टेबलाशी सत्तरीतल्या एक आजी लाकडी चमच्यावर फूल काढत बसल्या होत्या. चमचे, अंडी, लाकडी पेट्या, रुमाल हे विकायला ठेवतात. त्यांनी आधी बोटाएवढे पाच ठिपके काढले, मग ते एकमेकांना जोडले आणि बघता बघता गुलखैरा तयार झाला. कुंचला आता दुकानातला, रंग डबीतला. मी जुन्या कुंचल्याबद्दल विचारलं. गाईचे केस ओले झाले की एकत्र चिकटतात आणि पाकळीला टोक आपोआप येतं, असं त्या म्हणाल्या. मग उठून आतून एक काढून आणला. काडीला दोऱ्याने बांधलेला चिमूटभर केसांचा पुंजका. त्यांच्या आईचा.

घर किती वर्षांनी रंगवता, असं विचारल्यावर त्यांनी उत्तर भिंतीवर दाखवलं. पावसाची बाजू दरवर्षी, आडोशाची दोन-तीन वर्षांनी. बर्फ आणि ऊन रंग खातातच. चित्र म्हणजे एकदा काढून मोकळं व्हायची गोष्ट, हा समज इथे टिकत नाही. आणि म्हणूनच माझी चिंता सुरू होते. गावातल्या निम्म्याही घरांवर आज फुलं नाहीत. जुनी लाकडी घरं पाडून गिलाव्याची, आत उबेसाठी थर घातलेली नवी घरं येताहेत. राहायला ती नक्कीच सुखाची, आणि त्यांना नावं ठेवायचा अधिकार आठवडाभर हॉटेलात राहिलेल्या माझ्यासारख्याला नाही. काही जणी नव्या गिलाव्यावरही रंगवतात. पण आजींच्या दोन्ही मुली शहरात आहेत. कुंचला धरता येतो दोघींना, असं त्या ठासून म्हणाल्या. येतात मात्र सुट्टीला.

पर्यटकांच्या गाड्यांचा प्रश्न वेगळाच. बसमधून उतरलेली माणसं लोकांच्या खिडकीत मोबाइल घालून फोटो काढतात. ही राहती घरं आहेत, आत कोणीतरी जेवत असतं. उलट, गाडी नसलेल्या माणसाने इथे यायचं तर फार हाल. मला परतीच्या बसची वेळ चुकीची सांगण्यात आली आणि दोन तास रस्त्याकडेला काढावे लागले. खेड्याचं नाव जगभरच्या पुस्तिकांत छापायचं आणि तिथे जायची धड सोय करायची नाही, हे इथेही पाहून वाईट वाटलं.

त्या दोन तासांत समोरच्या घरातली एक पंचविशीची मुलगी बाहेर आली. हातात रंगाची डबी, मागे लहान भाऊ. कुत्र्याच्या घराच्या छपराशी पावसाने पुसट झालेलं एक निळं फूल होतं. ती गुडघे टेकून बसली आणि जुन्या फुलाच्या रेघेवरूनच नवा रंग फिरवू लागली. कुत्रा आतच बसून होता. भावाने डबी धरली होती, ती कलली, आणि एक थेंब कुत्र्याच्या नाकावर पडला. तेवढ्यात बस आली.