ध्वनिजन्य बाधिर्य आणि वनौषधींची घनसत्त्वे

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील यंत्रमागांवर वर्षानुवर्षे राबणारा कामगार असो वा मिरवणुकीत ध्वनिक्षेपकांच्या भिंतीपुढे तासन्‌तास नाचणारा तरुण असो, कर्णनाद व मंदश्रवण यांनी त्रस्त होऊन तो अखेर आपल्याकडे येतो. अशा वेळी एखाद्या घनसत्त्वाची बाटली पुढे करण्यापूर्वी आपण थोडा विचार करावयास हवा.

हा व्याधी आपल्या शास्त्रास अपरिचित नाही. मेघगर्जना, पटह इत्यादींच्या अत्युच्च शब्दांचे अतिश्रवण हा श्रवणेंद्रियाचा अतियोग होय, असे चरकाचार्यांनी सूत्रस्थानातच सांगितले आहे. सुश्रुतोक्त २८ कर्णरोगांत कर्णनाद व बाधिर्य यांची गणना आहे. जीर्ण बाधिर्य ग्रंथकारांनी वर्ज्य मानले, त्याचे कारण आधुनिक शारीरविज्ञानातून उमगते. अंतःकर्णात सुमारे १५,००० रोमपेशी असतात. तीव्र ध्वनीने तेथे मुक्त कण निर्माण होऊन त्या नष्ट होतात आणि मानवात पुन्हा उत्पन्न होत नाहीत. आरंभीची हानी ४,००० हर्ट्‌झच्या आसपास होत असल्याने संभाषण बरेच दिवस ऐकू येते व रुग्ण गाफील राहतो.

हरिद्रेतील कर्क्युमिनसारखी द्रव्ये ध्वनीच्या आघातापूर्वी वा लगेच नंतर दिली असता हानी कमी होते, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे. परंतु हे रक्षण आहे, पुनरुज्जीवन नव्हे. कर्णनादावर बहुचर्चित ठरलेल्या गिंको वनस्पतीचा लाभही मानवी चाचण्यांत सिद्ध झालेला नाही. बिल्वतैलादींचे कर्णपूरण बाह्यकर्णात होते. विकृती मात्र अंतःकर्णात असते. शिवाय कर्णपटलास छिद्र असल्यास कर्णपूरण अपायकारक ठरते, म्हणून तपासणीशिवाय ते करू नये.

मग आपण काय करावे? निदानपरिवर्जन हीच येथे श्रेष्ठ चिकित्सा. ८५ डेसिबलचा ध्वनी ८ तास सहन करता येतो, असे मानले जाते. प्रत्येकी ३ डेसिबलच्या वाढीस ही मर्यादा निम्मी होते. म्हणजे ९४ डेसिबलला अवघा १ तास! कामगारास कर्णरक्षकाचा आग्रह करावा, प्रतिवर्षी श्रवणमापन करवून घ्यावे. रसायन द्यावयाचे तर बलवर्धनासाठी द्यावे, श्रवणशक्ती परत येण्याचे आश्वासन देऊ नये. एकाएकी ऐकू येईनासे झाल्यास रुग्णास त्याच दिवशी कर्णतज्ज्ञाकडे धाडावे. तेथील स्टेरॉइड चिकित्सेचा लाभ पहिल्या दोन आठवड्यांतच अधिक होतो. आपल्या औषधांची वाट पाहण्यात हा काळ दवडू नये.

औषधालयचालक बंधूंना एक विनंती. १९५४ च्या औषधे व जादुई उपाय अधिनियमाच्या अनुसूचीत ‘बहिरेपणा’ समाविष्ट आहे. तो बरा करण्याची जाहिरात निषिद्ध आहे. घनसत्त्वाच्या वेष्टनावर असा दावा छापण्याऐवजी कर्णरक्षकांची एक पेटी दुकानात दर्शनी ठेवावी. उरलेले श्रवण राखणे आपल्या हाती आहे, आणि तेच या रुग्णाचे खरे हित होय.