नागपूरचं सांडपाणी वीज केंद्राला. धरणाचं पाणी कसं वाचतं?

शहर मोठं झालं की दोन गोष्टी वाढतात. धरणातून उचललेलं पाणी आणि नाल्यात सोडलेली घाण. दोन्हीचा फटका बसतो गावांना. नागपूरने यावर एक मार्ग काढला आहे, तो समजून घेण्यासारखा आहे.

नागपूरला पिण्याचं पाणी मुख्यतः पेंच प्रकल्पातून येतं. त्याच प्रकल्पाच्या कालव्यांवर पारशिवनी, रामटेक, मौदा भागातला धान उभा राहतो. कोराडी, खापरखेड्याच्या औष्णिक वीज केंद्रांनाही भरपूर पाणी लागतं. पण यंत्रं थंड करायला पिण्यायोग्य पाणी कशाला हवं?

म्हणून भांडेवाडीत शहराचं सांडपाणी शुद्ध करून ते महानिर्मितीच्या वीज केंद्राला देणं सुरू झालं. पहिल्या प्रकल्पाची क्षमता रोज १३ कोटी लिटर. त्यानंतर २० कोटी लिटरचा प्रकल्पही उभा राहिला.

१३ कोटी लिटर म्हणजे किती?

एवढ्या पाण्यात सुमारे ३२० एकर शेत चार इंच भिजतं. प्रकल्प पूर्ण क्षमतेने चालला तर रोज तेवढं पाणी धरणातून उचलावं लागत नाही. वर्षाचा हिशेब होतो साधारण ४७ दलघमी.

दुसरा फायदा नदीला

नाग नदी कन्हानला मिळते आणि कन्हान अंभोऱ्याजवळ वैनगंगेला. पुढे गोसेखुर्दचा जलाशय. म्हणजे नागपूरची घाण थेट भंडारा जिल्ह्यातल्या गावांच्या दारात. जेवढं सांडपाणी वीज केंद्राकडे वळतं, तेवढी घाण कमी. मात्र शहराचं सगळं सांडपाणी अजून शुद्ध होत नाही, त्यामुळे नदीचं दुखणं संपलेलं नाही.

गावांनी काय पाहायचं?

जानेवारी २०१६ च्या केंद्राच्या वीजदर धोरणानुसार, पालिकेच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आत असलेल्या औष्णिक वीज केंद्राने ते शुद्ध केलेलं पाणी वापरणं बंधनकारक आहे. म्हणजे ही सोय फक्त नागपूरपुरती नाही.

पण वाचलेलं पाणी आपोआप कालव्यात येत नाही. शहराची मागणी वाढली किंवा नवा कारखाना आला की ते तिकडेच जातं. म्हणून कालवा सल्लागार समितीत आवर्तनं ठरताना पाणीवापर संस्थांनी सरळ विचारावं, ‘सांडपाण्यामुळे धरणात किती पाणी वाचलं आणि त्यातलं शेतीला किती?’ आकडा लेखी मागावा. हिशेब मागितला, तरच वाचलेलं पाणी बांधापर्यंत येईल.