कात्री मुंबईची, हुकूम जिल्ह्याचा

पडद्यावर नटनट्यांची नावं यायच्या आधी एक कागद दिसतो. चित्रपटाचं नाव, रिळांची संख्या, लांबी, तारीख, खाली सह्या. प्रेक्षक तोवर जागा धरून बसत असतात, त्यामुळे हा कागद कुणी वाचत नाही. रिळांच्या जमान्यात त्याच्या डाव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यात कधी कधी एक छोटा त्रिकोण काढलेला असे. चित्रपटातून काहीतरी कापलंय, ही त्याची खूण. काय कापलं याची यादी प्रमाणपत्राच्या दुसऱ्या भागात असायची आणि तो भाग पडद्यावर येत नसे. तंबूतला सिनेमा पाहणाऱ्या कोकणातल्या माणसापर्यंत सेन्सॉर पोचला तो एवढाच, एका त्रिकोणाएवढा.

आज आपण सेन्सॉर म्हणतो तेव्हा केंद्र सरकारचं मंडळ डोळ्यांसमोर येतं. पण त्याआधी तीस वर्षं हे काम मुंबईचं स्वतःचं मंडळ करत होतं, आणि त्या मंडळाचा अध्यक्ष मुंबईचा पोलीस आयुक्त असे. साहित्यिक नव्हे, शिक्षक नव्हे, न्यायाधीशही नव्हे. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली की पुढचा बराचसा इतिहास आपोआप उलगडतो.

सिनेमॅटोग्राफ कायदा १९१८ सालचा. त्याची अंमलबजावणी १९२० मध्ये सुरू झाली आणि मुंबई, कलकत्ता, मद्रास, रंगून इथे मंडळं बसली. मुंबईच्या मंडळावर जकात खात्याचा अधिकारी असे, कारण परदेशी चित्रपट गोदीतून यायचे. शिवाय वेगवेगळ्या समाजांचे बिनसरकारी सभासदही होते. चित्रपट बघायचं रोजचं काम पगारी निरीक्षक करत. वादाचं काही निघालं की प्रकरण सभासदांपुढे जाई. निरीक्षकांना दिलेल्या सूचना विलायतेतल्या मंडळाच्या त्रेचाळीस हरकतींच्या यादीवरून घेतलेल्या होत्या. त्या यादीत नग्नता होती, क्रौर्य होतं, दारूबाजी होती. आणि गोऱ्या अंमलदाराची प्रतिमा मलिन होईल असं काही दाखवण्यावरही हरकत होती.

कायद्याने सिनेमाला दोन कुलपं घातली होती. चित्रपटाला मंडळाचं प्रमाणपत्र हवं आणि तो दाखवायच्या जागेला परवाना हवा. जागेचा परवाना मुंबई शहरात पोलीस आयुक्त देई, जिल्ह्यात जिल्हा मॅजिस्ट्रेट. म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातल्या गणपतीपुळे-मालगुंडच्या टापूत कुणाला तंबू ठोकायचा तर रत्नागिरीच्या कचेरीची पायरी चढणं आलंच. इतपत समजण्यासारखं आहे. आगीची, गर्दीची काळजी कुणीतरी घ्यायलाच हवी, आणि त्या काळची नायट्रेटची फिल्म खरोखरच भडकन पेटायची. पण कायद्याने मॅजिस्ट्रेटला आणखी एक अधिकार दिला होता. मुंबईने पास केलेल्या चित्रपटाचं प्रमाणपत्र तो आपल्या जिल्ह्यापुरतं, सरकारचा हुकूम येईपर्यंत, स्थगित करू शकत असे. कात्री मुंबईत असली तरी चित्रपट अडवायचा हुकूम जिल्ह्याच्या हातात होता.

हा अधिकार कागदावरच राहिला नाही. १९२१ साली कोहिनूर कंपनीचा ‘भक्त विदुर’ आला. द्वारकादास संपत स्वतः विदुराच्या भूमिकेत होते. अंगात खादी, डोक्यावर गांधी टोपी, कथा महाभारतातली. मुंबईच्या मंडळाने तो पास केला. कराचीच्या जिल्हा मॅजिस्ट्रेटने मात्र बंद पाडला, आणि कराची तेव्हा मुंबई इलाख्यातच होती. चित्रपट सरकारविरुद्ध असंतोष पसरवतो, लोकांना असहकाराला चिथावतो, असं कारण दिलं. मद्रासनेही बंदी घातली. एकाच इलाख्यात एका शहरात जे लोक टाळ्या वाजवून पाहत होते, ते दुसऱ्या शहरातल्या लोकांना झेपणार नाही, हे एका अधिकाऱ्याने ठरवलं. त्याने कराचीच्या लोकांना विचारलं नव्हतं.

मराठी माणसाला हे नवं नव्हतं. नाटकांवर १८७६ च्या कायद्याचा पहारा होताच. खाडिलकरांचं ‘कीचकवध’ १९०७ मध्ये रंगभूमीवर आलं. कीचकात माजी व्हाइसरॉय कर्झन दिसतो हे प्रेक्षकांना जसं कळलं तसं सरकारलाही कळलं आणि १९१० मध्ये बंदी आली. पौराणिक कथेच्या आडून आजचं बोलायचं, ही आपल्या रंगभूमीची जुनी वाट सिनेमावाल्यांनीही धरली. सेन्सॉरही याच वाटेवर येऊन उभा राहिला.

सगळ्यात बोलकं उदाहरण कोल्हापूरचं. प्रभात कंपनीने १९३० मध्ये शिवाजी महाराजांवर मूकपट काढला. महाराजांच्या भूमिकेत शांताराम बापू, आणि चित्रपटाचं नाव ‘स्वराज्याचं तोरण’. कोल्हापूर संस्थान होतं, तिथे मुंबई इलाख्याचा अंमल नव्हता. पण संस्थानाच्या हद्दीत तयार झालेला चित्रपट ब्रिटिश हद्दीत, म्हणजे पुण्यात, मुंबईत किंवा रत्नागिरीत दाखवायचा तर मंडळापुढे न्यावाच लागे, आणि धंदा तर सगळा तिकडेच. मंडळाला स्वराज्य हा शब्द खपेना. शेवटी महाराज झेंडा फडकवतात, त्या प्रसंगालाही हरकत निघाली. नाव बदलून ‘उदयकाल’ केलं, शेवट बदलला, तेव्हा कुठे चित्रपट सुटला. तीनशे वर्षांपूर्वीच्या झेंड्याने आयुक्तांना धास्ती वाटावी, यावरून त्या वर्षीची हवा कळते.

तेच वर्ष मिठाचं. मार्चमध्ये गांधीजी दांडीला निघाले तेव्हा मुंबईच्या दोन-तीन कंपन्यांचे कॅमेरे त्यांच्या मागोमाग गेले. त्या वार्तापटांवर मुंबई सरकारने बंदी घातली. मे महिन्यात शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला. शिरोडं तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातच होतं. आपल्याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर माणसं लाठ्या खात मीठ गोळा करत होती आणि दांडीचं मीठ पडद्यावर पाहायला मात्र सरकारची मनाई होती. माझ्या मते या सबंध इतिहासातली खरी हानी इथे आहे. एखादं चुंबन कापलं गेलं म्हणून कुणाचं फारसं बिघडत नाही. पण आपल्या डोळ्यांदेखत घडणाऱ्या गोष्टीचं चित्र लोकांना दिसू द्यायचं नाही, हा लोकांवरचा अन्याय आहे.

मालगुंडच्या माणसाचा सिनेमाशी पहिला संबंध बहुधा मुंबईतच आला असणार. जयगडला बोट धरायची, भाऊच्या धक्क्यावर उतरायचं, गिरगावात किंवा गिरणगावात बिऱ्हाडी राहायचं, हा इथल्या घराघरातला क्रम. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ मध्ये गिरगावातल्याच कॉरोनेशनमध्ये लागला होता. गणपतीला, शिमग्याला चाकरमानी गावी आला की पाहिलेला सिनेमा ओटीवर रंगवून सांगायचा. त्या सांगण्याला कुणाचं प्रमाणपत्र लागत नसे.

मुंबईचं मंडळ फक्त राजकारणच पाहत होतं असं नाही. भालजी पेंढारकरांच्या ‘वंदे मातरम् आश्रम’ला सरकारी शिक्षणावरच्या टीकेबद्दल पुन्हा पुन्हा कात्री लागली, थोडा काळ बंदीही आली. ते राजकारणच म्हणा. पण प्रभातच्या १९३५ च्या एकनाथांवरच्या बोलपटाचं ‘महात्मा’ हे नावही मंडळाला चाललं नाही. ते ‘धर्मात्मा’ करावं लागलं. बालगंधर्व त्यात नाथ झाले होते. अस्पृश्याच्या घरी जेवणाऱ्या संताची ही कथा. रत्नागिरीत १९३१ मध्ये पतितपावन मंदिर सर्वांसाठी उघडलं होतं, सहभोजनांवरून गावोगाव वाद झडत होते. त्या दिवसांत हा विषय कुठे कुठे झोंबणार, हे आयुक्तांना ठाऊक असणारच.

मधल्या काळात सरकारने एक चांगलं काम केलं आणि लगेच बासनात गुंडाळून ठेवलं. मद्रासचे वकील रंगाचारियर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७-२८ मध्ये एक समिती देशभर फिरली. तिने ३५३ जणांच्या साक्षी घेतल्या. त्यांत दादासाहेब फाळकेही होते. वेगवेगळ्या प्रांतांतल्या मंडळांऐवजी एकच मध्यवर्ती मंडळ नेमा, देशी चित्रपटधंद्याला मदत करा, असं समितीने सांगितलं. त्या अहवालाचं पुढे काही झालं नाही. १९३७ मध्ये प्रांतात काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं तेव्हा काही जुन्या बंद्या उठल्या. मग महायुद्ध आलं आणि पुन्हा सगळं आवळलं गेलं. प्रांतोप्रांतीच्या मंडळांचं एक केंद्रीय मंडळ व्हायला १९५१ साल उजाडावं लागलं.

शहराच्या पोलिसाने सिनेमा तपासायचा, ही कल्पना इंग्रजांच्या एकट्याच्या डोक्यातली नव्हे. अमेरिकेत शिकागो शहराने १९०७ मध्येच तसा नियम केला होता. कोणताही चित्रपट दाखवण्याआधी पोलीसप्रमुखाचा परवाना काढायचा. तिथे गावोगाव, राज्योराज्यी अशी मंडळं झाली. मेम्फिस शहरात लॉइड बिनफर्ड नावाचे गृहस्थ १९२८ पासून १९५५ पर्यंत मंडळाचे सूत्रधार होते, आणि काळ्या कलावंतांना गोऱ्यांच्या बरोबरीने दाखवणारी दृश्यं त्यांना सहन होत नसत. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९१५ मध्ये सिनेमा हा नुसता धंदा ठरवला होता. १९५२ मध्ये त्याच न्यायालयाने सिनेमा हेही अभिव्यक्तीचं साधन आहे असं मान्य केलं आणि १९६५ मध्ये आणखी पुढे गेलं. चित्रपट थांबवायचा असेल तर सेन्सॉरने स्वतः लवकर न्यायालयात यावं आणि तो का थांबवायचा हे सिद्ध करावं, निर्मात्याला हेलपाटे घालायला लावू नये, असं सांगितलं. मग एकेक मंडळ मोडत गेलं. डॅलस शहराचं मंडळ मात्र १९९३ पर्यंत टिकलं.

आपल्याकडे वाट वेगळी निघाली. ख्वाजा अहमद अब्बास यांनी आपल्या छोट्या माहितीपटासाठी सेन्सॉरलाच आव्हान दिलं. १९७० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पूर्वतपासणी घटनेला धरून असल्याचा निकाल दिला. मला तो निकाल पटत नाही. पण १९८९ मध्ये त्याच न्यायालयाने रंगराजन खटल्यात एक मोलाची गोष्ट सांगितली. एकदा प्रमाणपत्र मिळालं की, दंगा होईल या भीतीने चित्रपट बंद पाडता येणार नाही. दंगेखोरांना आवरणं हे सरकारचं काम आहे. कराचीच्या मॅजिस्ट्रेटला हे ऐकायला अडुसष्ट वर्षं उशीर झाला, तरी ते ऐकवलं गेलं.

नाटकाची गोष्ट मात्र वेगळी राहिली. सिनेमा केंद्राकडे गेला तरी नाटकाचं सेन्सॉर मुंबईतच राहिलं. पोलीस कायद्याच्या आधाराने १९५४ मध्ये रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ स्थापन झालं आणि आजही संहिता आधी त्यांच्याकडे पाठवावी लागते. मालगुंडसारख्या गावातल्या हौशी मंडळींना सेन्सॉर खऱ्या अर्थाने भेटतो तो इथे. उत्सवात नाटक बसवायचं तर पुस्तक निवडताना ते सेन्सॉर झालेलं आहे ना, हा प्रश्न पात्रवाटपाच्या आधी येतो.

या मंडळाच्या कारभारातला एक प्रसंग जवळून पाहण्यासारखा आहे. तेंडुलकरांचं ‘गिधाडे’ १९७० मध्ये रंगमंचावर आलं. त्यातल्या माणिकचा गर्भ लाथांनी पाडला जातो आणि तिच्या साडीवर रक्ताचा डाग दिसतो. मंडळाला लाल डाग नको होता. मग डाग निळा केला, आणि प्रयोगाआधी प्रेक्षकांना सांगितलं जाऊ लागलं की निळा डाग दिसेल तो लाल समजावा. श्रीराम लागूंच्या त्या प्रयोगात डाग कुणाच्या नजरेतून सुटला असेल असं मला वाटत नाही; उलट एरवी नजरेआड झाला असता तोही डोळे ताणून पाहिला गेला. दोन वर्षांनी ‘सखाराम बाइंडर’वर बंदी आली तेव्हा कमलाकर सारंग उच्च न्यायालयात गेले, पदरचं घालून लढले आणि जिंकले. ‘बाइंडरचे दिवस’ या पुस्तकात त्यांनी तो सगळा काळ लिहून ठेवला आहे. नाटकवाल्या प्रत्येकाने ते वाचावं.

अमोल पालेकरांनी २०१६ मध्ये नाटकाच्या पूर्वतपासणीलाच मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं. त्यांचं म्हणणं साधं होतं. कादंबरीला छापण्याआधी कुणाची परवानगी लागत नाही, भाषणाला लागत नाही, कीर्तनाला लागत नाही. मग माणसांनी माणसांसमोर उभं राहून केलेल्या नाटकालाच ती का लागावी?