बिनकाट्याचा निवडुंग

मे महिन्यात आठ दिवस माहेरी राहून परत आलं, की कुंड्यांकडे बघवत नाही. हा अनुभव तुम्हालाही असेल. आमच्या सिन्नरला तर हे नेहमीचंच. सह्याद्रीच्या पूर्वेला, पर्जन्यछायेतलं हे गाव. उन्हाळ्यात प्यायचं पाणी जपून वापरायचं, तिथे मोगऱ्याला कुठून घालणार? तांदूळ-भाज्या धुतलेल्या पाण्यावर मी दोन वर्षं गुलाब जगवला. तिसऱ्या उन्हाळ्यात तोही गेला. तेव्हा नणंदेने नाशिकहून तळहाताएवढं एक जाड हिरवं पान वर्तमानपत्रात गुंडाळून आणलं. म्हणाली, "वहिनी, एवढं लाव. हे मेलं तर मला सांग!"

बघते तर फड्या निवडुंग! सासूबाई लगेच म्हणाल्या, "दारात काटेरी झाड नको गं, घरात भांडणं होतात." मी ते पान त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी चष्मा लावून उलटसुलट पाहिलं. काटा काही सापडला नाही, आणि परवानगी मिळाली.

निवडुंग मूळचा मेक्सिकोकडचा. तिथे त्याच्या कोवळ्या पानांची भाजी करतात. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या ल्यूथर बरबँक यांनी ठिकठिकाणचे कमी काट्यांचे निवडुंग जमवून, त्यांचा संकर करून बिनकाट्याच्या जाती तयार केल्या आणि १९०७ साली विक्रीला आणल्या. कोरड्या मुलखात गुरांना चारा मिळावा, हा त्यांचा हेतू. आपल्याकडेही पुण्याजवळ उरुळी कांचनला 'बाएफ' संस्थेने असा निवडुंग चाऱ्यासाठी लावून पाहिला आहे. आपल्याला मात्र तो हवा कुंडीत, शोभेला.

लावण्याची रीत सोपी आहे. कापलेलं पान लगेच मातीत खोचू नका. आठ-दहा दिवस सावलीत ठेवून कापलेली बाजू वाळू द्या, नाही तर ते हमखास कुजतं. तळाला भोक असलेली मातीची कुंडी घ्या. एक भाग बागेची माती, एक भाग जाड वाळू, अर्धा भाग विटांचे तुकडे आणि मूठभर जुनं शेणखत असं मिश्रण करा. पानाचा खालचा तिसरा हिस्सा मातीत उभा पुरा आणि पहिला आठवडा पाणी घालू नका. रोप नेहमी पानापासूनच करावं; बी पेरलं तर काटेरी रोपंही निघतात.

नवीन पानावर बारीक, टोकदार हिरवी पिल्लं दिसतील. ती खरी पानं. काही दिवसांत आपोआप गळतात. आपण ज्याला पान म्हणतो ते खरं तर खोड आहे, आणि त्यातच पाण्याचा साठा असतो. शिवाय इतर झाडं दिवसा श्वासाची छिद्रं उघडतात, त्यातून पाणी उडून जातं. हा रात्री गारव्यात उघडतो. म्हणून उन्हाळ्यात दहा-बारा दिवसांनी आणि थंडीत तीन आठवड्यांनी एकदा पाणी पुरतं. पान सुरकुतलं तर तहान लागली समजा. बुडाशी पिवळं, लिबलिबीत झालं तर पाणी जास्त झालं; वरचा निरोगी भाग कापून, वाळवून पुन्हा लावा. ऊन पाच-सहा तास तरी हवं, नाही तर पानं अरुंद आणि लांबट होतात. पावसाळ्यात कुंडी पागोळीखालून हलवा.

आता माझी चूक सांगते. काटे नाहीत म्हणून मी कुंडी ओसरीवर ठेवली. माझ्या चार वर्षांच्या मुलीने पान दोन्ही हातांनी कुरवाळलं आणि रडून घर डोक्यावर घेतलं. मोठे काटे नसले तरी पानावरच्या ठिपक्यांत केसासारखी बारीक कुसळं असतात! सासूबाई माझ्याकडे नुसत्या बघत राहिल्या. अशा वेळी हात चोळू नका, डोळ्यांना तर मुळीच लावू देऊ नका. चिमट्याने दिसतील तेवढी कुसळं काढा, उरलेल्यांवर चिकटपट्टी दाबून हलकेच ओढा. डोळ्यात गेलं तर सरळ डॉक्टरकडे जा. कुंडी बदलताना झाड घडी केलेल्या वर्तमानपत्राने धरा.

पानावर कापसासारखे पांढरे पुंजके दिसले, तर ती कीड आहे. चिरडली की लालभडक रंग निघतो. मेक्सिकोत याच जातीच्या किड्यांपासून किरमिजी रंग करत. जुन्या दात घासायच्या ब्रशने साबणाचं पाणी लावून ती काढा.

मुलीच्या प्रसंगानंतर मी कुंडी फाटकाबाहेर ठेवली, तर दुसऱ्याच दिवशी शेळीने दोन पानं फस्त केली! सासूबाई म्हणाल्या, "काटा नसला की कोणीही खातं गं. आता आपणच त्याला जपायचं." आणि त्यांनी स्वतः उरलेलं झाड गच्चीच्या कठड्याजवळ, मुलीचा हात पोहोचणार नाही असं उंचावर नेऊन ठेवलं.

यंदा मी माहेरी पंधरा दिवस राहिले. परतले तेव्हा झाडाला तीन नवी पानं होती. त्यातलं एक मोठं झालं की सासूबाईंना त्यांच्या बहिणीला पाठवायचंय. वर्तमानपत्रात गुंडाळून, कुसळांची सूचना देऊन!